ऑपरेशन थिएटरची फरशी कोण पुसते?

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या हिंगोली जिल्ह्याचे नाव राज्यभरच्या वाहिन्यांवर झळकले. कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूरच्या ग्रामीण रुग्णालयात कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना ऐन थंडीत फरशीवर झोपवले गेले, अशी ती बातमी होती. आकडा आला ४३. ओळीने अंथरलेल्या गाद्या, पायाशी बसलेल्या सासवा, कडेवर रडणारी लेकरे. फोटो पाहून लोक हळहळले, संतापले. खाटा का नाहीत, गाद्या किती, ब्लँकेट कुठे, यावर बोलणे झाले आणि विषय मागे पडला.

मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते की ती चर्चा चुकीच्या खोलीत झाली. फरशीवरच्या बायका दिसल्या, कारण त्या दाराबाहेर होत्या आणि तिथे मोबाइल पोहोचला. दाराच्या आत, जिथे नातेवाइकाला प्रवेश नसतो, त्या खोलीबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही. एका दिवशी इतक्या शस्त्रक्रिया होतात तेव्हा आत टेबले किती असतात? दुर्बिणी किती? एक बाई टेबलावरून उतरून दुसरी चढेपर्यंत टेबल, रबरी चादर, हत्यारे आणि हातमोजे यांचे काय होते? आणि ते सगळे पुसण्याचे काम कोण करते, त्याला ते कोणी शिकवले?

बाळापूरच्या थिएटरात त्या दिवशी काही चुकले, असा आरोप मी करत नाही. ते ठरवायला रजिस्टर लागते, फोटो पुरत नाही. पण ४३ हा आकडा ऐकल्यावर कागद-पेन घेऊन एक साधे गणित प्रत्येक कार्यकर्त्याने करायला हवे होते. ते इथे करू.

खेड्यात जिला ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ म्हणतात ती दुर्बिणीची शस्त्रक्रिया. सरावलेल्या सर्जनला ती करायला काही मिनिटे लागतात. त्यामुळे बाहेर बसलेल्याला वाटते, दिवसाला पन्नास काय आणि शंभर काय. पण केंद्र सरकारच्या नसबंदी सेवेच्या मानकांत एका पथकाला दिवसाला जास्तीत जास्त ३० शस्त्रक्रियांची मर्यादा आहे, आणि त्यासाठी पथकाकडे तीन लॅप्रोस्कोप असले पाहिजेत असे लिहिले आहे. हा तीसचा आकडा कुणा बाबूने सहज लिहिलेला नाही. दुर्बिणीच्या नळीत भिंगे असतात. बऱ्याच दुर्बिणी ऑटोक्लेव्हच्या वाफेत टिकत नाहीत, म्हणून त्या औषधात बुडवाव्या लागतात. ते औषध म्हणजे दोन टक्क्यांचे ग्लुटराल्डिहाइड, रुग्णालयात सगळे त्याला सायडेक्स म्हणतात. आधी दुर्बिणीवरचे रक्त-मांस नीट धुवायचे, कारण रक्त चिकटलेले असेल तर औषध आतल्या जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. मग पूर्ण वीस मिनिटे बुडवून ठेवायची. मग निर्जंतुक पाण्याने खळबळून काढायची, नाहीतर तेच औषध पोटात जाऊन आतली त्वचा भाजते. हे सगळे धरले तर एका दुर्बिणीची एक फेरी अर्ध्या तासाची. म्हणजे एका दुर्बिणीवर तासाला दोन बायका. तीन दुर्बिणींवर सहा. तीस बायकांना पाच तास. तीसची मर्यादा इथून येते.

आता हेच उलटे करून पाहा. ४३ बायका आणि दुर्बीण एकच असेल, तर नियमाप्रमाणे साडेएकवीस तास लागतील. दोन पथके आणि सहा दुर्बिणी असतील तर दुपारपर्यंत काम व्यवस्थित आटोपेल आणि नियमही मोडणार नाही. म्हणून नुसत्या आकड्यावरून दोष देता येत नाही आणि नुसत्या आकड्यावरून सोडूनही देता येत नाही. पथके किती आणि दुर्बिणी किती, हे दोन आकडे हाती आल्याशिवाय ४३ ला अर्थ नाही.

घाई झाली की सगळ्यात आधी काय कापले जाते? ती वीस मिनिटे. चार मिनिटे बुडवली काय आणि वीस मिनिटे बुडवली काय, दुर्बीण दिसायला सारखीच चकचकीत. पेशंटला कळत नाही, नातेवाइकाला कळत नाही, आणि ताप येतो तो चौथ्या दिवशी, घरी गेल्यावर.

हे नुसते भीती घालणे नाही. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका बंद पडलेल्या रुग्णालयाच्या इमारतीत शिबीर भरले. एकाच सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या दिवसांतल्या बिलासपूरच्या शिबिरांमध्ये मिळून १३ स्त्रिया मरण पावल्या. मृतांत दलित होत्या, आदिवासी होत्या, मागास जातींतल्या होत्या. सरकारने बोट दाखवले ते औषधाच्या गोळ्यांत विष मिसळल्याकडे; डॉक्टर आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी बोट दाखवले ते जंतुसंसर्गाकडे आणि एकाच हत्याराच्या न थांबता झालेल्या वापराकडे. वाद पुष्कळ चालला. पण ८३ ला तीसने भाग द्यायला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नव्हती.

त्याआधी, ७ जानेवारी २०१२ ला, बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत रात्री टॉर्चच्या उजेडात दोन तासांत ५३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या होत्या. त्यावरून देविका बिस्वास यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १४ सप्टेंबर २०१६ ला निकाल लागला. २०१० ते २०१३ या काळात नसबंदीच्या वेळी किंवा नंतर ३६३ मृत्यू झाल्याची नोंद त्या निकालात आहे. न्यायालयाने सांगितले की तीन वर्षांत शिबिरांची पद्धत बंद करा, संमतिपत्र बाईला कळेल अशा भाषेत द्या, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या गुणवत्ता समित्यांचे अहवाल आणि शस्त्रक्रिया करण्यास पात्र डॉक्टरांची यादी लोकांपुढे ठेवा.

तीन वर्षे म्हणजे सप्टेंबर २०१९. त्यालाही आता काळ लोटला. शिबीर हा शब्द सरकारी कागदांतून जवळपास गेला आणि त्याजागी ‘निश्चित दिवस सेवा’ आली. कल्पना चांगली आहे. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी थोड्या थोड्या शस्त्रक्रिया कायमच्या थिएटरात व्हाव्यात. पण सर्जन फिरता, भूलतज्ज्ञ फिरता, मार्चअखेर उद्दिष्ट डोक्यावर, आणि हिवाळ्यात जखम लवकर भरते हा लोकांचा पक्का समज. म्हणून डिसेंबर-जानेवारीतल्या एका दिवसावर सगळी गर्दी लोटते. शब्द बदलला, गर्दी तीच.

ही गर्दी कोणाची, हेही पाहायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे देशात नसबंदी केलेल्या विवाहित स्त्रिया सुमारे ३८ टक्के आणि नसबंदी केलेले पुरुष ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली असते. पुरुषाची शस्त्रक्रिया यापेक्षा सोपी, पोट उघडावे लागत नाही, दुर्बीण लागत नाही. तरी टेबलावर बाईच चढते. जिच्याकडे खासगी दवाखान्याचे पैसे आहेत ती हिंगोलीला किंवा नांदेडला जाते. उरतात त्या ऊसतोडीला जाणाऱ्या, हळद काढणीला जाणाऱ्या, गायरानात घर असलेल्या. आपल्या वस्त्यांतल्या.

माझ्या ओळखीतल्या अशा एका वहिनीची गोष्ट सांगते. गाव आणि रुग्णालय सांगत नाही, तिने तसे सांगितले आहे. दोन मुली, एक मुलगा झाल्यावर तिने शस्त्रक्रिया करून घेतली. पाचव्या दिवशी मला तिच्या नणंदेचा फोन आला, “ताई, टाके पिकलेत, अंगात ताप हाय.” मी गेले तेव्हा पोट फुगून कडक झाले होते. घरातले एकमेकांना विचारत होते की तिने काय चुकीचे खाल्ले. सासू म्हणाली, पाणी लागले असेल. शेजारची म्हणाली, लवकर कामाला लागली म्हणून. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथेही आम्हाला पहिला प्रश्न विचारला गेला तो हाच, “पथ्य पाळलं का नाही?” वहिनी मान खाली घालून उभी होती. जणू तिनेच काही गुन्हा केला. पुढे तिला मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले, अकरा दिवस राहावे लागले, नवऱ्याची उचल त्यातच गेली. ती वाचली.

त्या अकरा दिवसांत मी तिला बारीकसारीक विचारत राहिले. समाजशास्त्र शिकताना मुलाखतीचे तंत्र शिकवतात, त्याचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते. ती म्हणाली, सकाळी एका मावशीने ब्लेड दिले आणि पोट-ओटीपोट साफ करून या म्हणाली. एकच ब्लेड तिघींनी वापरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्ग टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात स्पष्ट सांगितले आहे की ब्लेडने केस काढू नयेत. ब्लेडने त्वचेवर न दिसणाऱ्या जखमा होतात आणि जंतूंना तिथेच घर मिळते. काढायचेच असतील तर क्लिपरने. आणि एका ब्लेडने तिघी म्हणजे कावीळ बी आणि एचआयव्हीला उघडे आमंत्रण. त्याच सूचनांत असेही आहे की जिथे प्रतिजैविकाची गरज आहे तिथे ते चीर देण्याआधी द्यावे, शस्त्रक्रिया झाल्यावर दिवसेंदिवस देत राहण्याने संसर्ग टळत नाही. आपल्याकडे मात्र सुट्टी देताना हातात कॅप्सूलची पट्टी मिळाली की लोकांना वाटते उपचार झाला.

वहिनीने आणखी एक सांगितले. आत दोन टेबले होती. ती एका टेबलावर पडली होती आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईचे पोट उघडे होते. मध्ये पडदा नव्हता. “तिच्याकडं बघून माझं अर्धं अवसान गेलं,” ती म्हणाली.

एका खोलीत दोन किंवा चार टेबले असणे हाच गुन्हा आहे का? आपल्याकडचे बरेच कार्यकर्ते असे समजून बोलतात, आणि मग वैद्यकीय अधिकारी त्यांना सहज गप्प करतात. म्हणून हे नीट समजून घेतले पाहिजे. इंग्लंडमध्ये हाडांच्या शस्त्रक्रियेची काही थिएटरे अशीच मोठ्या दालनासारखी आहेत, एका छताखाली अनेक टेबले. त्यांना तिकडे बार्न थिएटर, म्हणजे कोठारासारखे थिएटर म्हणतात. पण तिथे प्रत्येक टेबलाच्या डोक्यावर गाळलेल्या हवेचा स्वतंत्र झोत असतो, तो वरून खाली वाहतो आणि एका टेबलाची हवा दुसऱ्यावर जाऊ देत नाही. आणि लांब कशाला जायचे? तमिळनाडूत मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये सुरू केले. तिथे एका खोलीत एकाहून जास्त टेबले असतात, सर्जन एका टेबलावरचा डोळा झाला की लगेच दुसऱ्या टेबलाकडे वळतो, तोवर पहिल्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार होतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया इतक्या झपाट्याने होतात की ऐकून विश्वास बसत नाही, आणि तरीही तिथले संसर्गाचे प्रमाण जगातल्या चांगल्या रुग्णालयांच्या तोडीचे आहे. याचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. अरविंदने खेड्यातल्या मुली घेतल्या, त्यांना दोन वर्षे शिकवले आणि हत्यारे धुणे, वाफेत घालणे, मोजणे, टेबल लावणे हे काम त्यांच्याकडे कौशल्याचे काम म्हणून सोपवले. सर्जनचा वेग त्या मुलींच्या शिस्तीवर उभा आहे.

आपल्याकडचे उलटे उदाहरण मुंबईचेच आहे. जानेवारी २०१९ मध्ये जोगेश्वरीच्या महापालिका रुग्णालयात एकाच दिवशी सात जणांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या पाच जणांची एका डोळ्याची दृष्टी गेली. सातच शस्त्रक्रिया. गर्दी नव्हती, टॉर्चचा उजेड नव्हता. एका टेबलावरून दुसऱ्यावर काहीतरी गेले, एवढे पुरले.

म्हणजे टेबले किती हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की दोन रुग्णांच्या मधल्या वेळात काय घडते. आणि त्या मधल्या वेळाचा मालक डॉक्टर नसतो. तो वेळ असतो सफाई कामगाराचा, कक्षसेवकाचा, मावशीचा.

इथे आपण आपल्या विषयावर आलो.

सरकारी रुग्णालयात थिएटर पुसणारे हात कोणाचे आहेत, हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या गावकीची घाण ज्यांच्यावर टाकली गेली त्यांच्याच घरांतले ते हात आहेत. पूर्वी निदान त्यातले काही कायम नोकरीत होते. आता बहुतेक ठिकाणी कंत्राटदार आहे. तो दर काही महिन्यांनी माणसे बदलतो, पगार थकवतो, प्रशिक्षणाचा खर्च त्याच्या हिशोबात नाही. आज प्रसूतिकक्षाची फरशी पुसणारी बाई उद्या थिएटरात पाठवली जाते, त्याच बादलीसह आणि त्याच पोछ्यासह. थिएटरचा पोछा वेगळा असावा, स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे पुसत यावे, बादल्या दोन असाव्यात, एक द्रावणाची आणि एक पिळण्याची, हे तिला कोणी सांगितलेले नसते. तिला सांगितलेले असते, “पटकन उरक.”

मी अशा एका मावशीला विचारले होते की जमिनीवर सांडलेल्या रक्तावर आधी काय टाकता. ती म्हणाली, “पाणी टाकते बाई, डाग राहतो ना नाहीतर.” डाग राहतो, हा तिचा निकष. तो तिला समाजाने शिकवला. स्वच्छ म्हणजे दिसायला स्वच्छ. आधी ब्लीचचे द्रावण टाकून, थांबून, मग पुसायचे, हे सांगायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे कोणी दिली नाहीत, कारण झाडू मारायला काय शिकवायचे, असे सगळ्यांनाच वाटते. जातीने दिलेले काम हे कौशल्य मानले जात नाही. ते रक्तातच आहे असे मानले जाते.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. त्यांत पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वर्गवारी आहे, ती भिंतीवर चिकटवलेली सगळ्यांनी पाहिली असेल. त्याच नियमांत हेही आहे की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ बी आणि धनुर्वाताची लस दिली पाहिजे. कावीळ बी ची लस तीन डोसांची, पहिल्या डोसानंतर महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. कंत्राटच तेवढे टिकत नसेल तर तिसरा डोस कोण लक्षात ठेवणार? मी ज्या ज्या सफाई कामगारांना विचारले त्यातल्या कुणाकडे तीन डोसांचे कार्ड नव्हते. ही पाहणी नाही, माझ्यापुरते विचारणे आहे, पण तुम्हीही आपापल्या तालुक्यात विचारून बघा.

ऑक्टोबर २०२३ आठवा. नांदेडच्या विष्णुपुरीतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळे होती. पुढच्या दिवशी आकडा ३१ वर गेला. हिंगोलीतून पुढे पाठवलेले रुग्ण याच रुग्णालयात जातात, तेव्हा ती मरणे आपल्या दारातलीच. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या गदारोळात ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथे गेले, शौचालये घाण पाहून संतापले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले. व्हिडिओ सगळीकडे फिरला. नंतर खासदारांवर गुन्हा दाखल झाला, त्यात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमेही होती.

आपल्या समाजमाध्यमांवर तेव्हा अधिष्ठात्यांच्या अपमानाबद्दल बोलले गेले, आणि ते बरोबरच होते. पण मला त्या व्हिडिओत आणखी एक गोष्ट खुपली आणि ती अजून खुपते. अपमान करायचा म्हणून हातात काय दिले? झाडू. शौचालय साफ करणे ही शिक्षा आहे, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला न सांगता कळले. मग जी माणसे रोज तेच करतात ती कोणत्या गुन्ह्याची शिक्षा भोगत आहेत? आणि ज्या कामाकडे अख्खे रुग्णालय शिक्षा म्हणून पाहते, ते काम थिएटरच्या आत, दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या दहा मिनिटांत, जीव ओतून आणि नियमाने होईल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

१८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी त्याचे सहकारी चिडले. सुशिक्षित माणसाचे हात अस्वच्छ असतात, हे मान्य करणेच त्यांना अपमानाचे वाटले. प्रतिष्ठा आणि स्वच्छता यांचे भांडण असे जुने आहे. आपल्याकडे त्यात जात मिसळली, एवढाच फरक, पण तो फार मोठा.

कुटुंब नियोजनाला विरोध म्हणून हे लिहिलेले नाही, हे स्पष्ट केलेले बरे, कारण असा अर्थ काढणारे भेटतात. संततिनियमनाचा आग्रह ही आपल्या चळवळीची जुनी भूमिका आहे. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’वर खटला भरला गेला तेव्हा र. धों. कर्वे यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला. भाषण बाबासाहेबांचे होते, सभागृहात ते पी. जे. रोहम यांनी मांडले. ठराव फेटाळला गेला. ज्या सभागृहाला तेव्हा स्त्रीच्या बाळंतपणांचा भार दिसला नाही, त्याच राज्यात आज उद्दिष्ट पूर्ण करायला बायकांच्या रांगा लावल्या जातात. बाबासाहेबांना अभिप्रेत होते ते बाईचे आरोग्य आणि तिचा निर्णय. शस्त्रक्रियेनंतर मेलेल्या बाईची नोंदही उद्दिष्टात पूर्ण म्हणूनच होते.

काही गोष्टी सुधारल्या आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. २०१५ पासून ‘कायाकल्प’ योजना आहे, रुग्णालयांना स्वच्छतेचे गुण आणि बक्षिसे मिळतात, त्यामुळे अनेक इमारतींचे रूप बदलले. मात्र तपासणी पथक येण्याच्या आठवड्यात होणारी धावपळ ज्याने पाहिली आहे त्याला या गुणांचे वजन कळते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात हिंगोलीचेही आहे. सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय वैद्यकीय महाविद्यालयात असतोच. म्हणजे जिल्ह्यातल्या थिएटरांच्या टेबलावरचे, हत्यारांवरचे नमुने घेऊन ते इथल्या इथे तपासणे शक्य व्हायला हवे. पावणेबारा लाख लोकांच्या जिल्ह्यात (२०११ ची जनगणना) ही मागणी जास्तीची नाही. तोवर अनेक ठिकाणी थिएटर ‘फ्युमिगेट’ केले की झाले, असा समज आहे. फॉर्मालिनचा धूर सोडायचा, दार बंद करायचे, दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरत आत जायचे. फॉर्मालिन कर्करोगकारक आहे, आणि पोछा घाणेरडा असेल तर त्या धुराचा काही उपयोग नाही.

तरुण मित्रांना एक विनंती आहे. भीमजयंतीला आपण रक्तदान शिबिरे घेतो, आरोग्य तपासणी घेतो, छान आहे. पण रुग्ण कल्याण समिती नावाची गोष्ट प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असते, तिच्यावर आपल्या तालुक्यात कोण बसले आहे हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? मलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हते. संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकीचे इतिवृत्त, ऑटोक्लेव्हची नोंदवही, थिएटरच्या नमुन्यांचे अहवाल, सफाई कंत्राटाची प्रत, कामगारांच्या लसीकरणाची नोंद, हे सगळे माहिती अधिकारात मागता येते. शस्त्रक्रियेला जाणाऱ्या आपल्या बायकांनाही काही सांगता येते. ब्लेड देत असतील तर नवे मागा. किती जणी आहेत ते मोजा. शस्त्रक्रियेनंतर किमान चार तास, आणि लघवी होऊन, चालता येईपर्यंत घरी जाण्याची घाई करू नका. ताप, पोटदुखी, पोट फुगणे यातले काही झाले तर पथ्याचा विचार करत घरी बसू नका. गुंतागुंत किंवा मृत्यू झाल्यास नुकसानभरपाईची सरकारी योजना आहे. तिचा अर्ज करायला कागद लागतात, म्हणून सुट्टीचे कार्ड आणि संमतिपत्राची प्रत जपून ठेवा. वहिनीकडे यातले काहीच नव्हते, आणि तिला एक रुपया मिळाला नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघांनी मिळून एका रुग्णालयाकडे ऑटोक्लेव्हच्या नोंदवहीच्या प्रती मागितल्या. नाव आत्ता सांगत नाही. ऑटोक्लेव्ह म्हणजे हत्यारे १२१ अंशांच्या वाफेत ठेवण्याचे यंत्र. प्रत्येक फेरीची वेळ, तापमान, दाब लिहायचा असतो, आणि आतल्या पुडक्यावरच्या टेपवर काळ्या रेषा उमटल्या की तो तुकडा वहीत चिकटवायचा असतो. सव्वा महिन्याने प्रती आल्या. पूर्ण महिन्याच्या नोंदी एका हस्ताक्षरात, एका पेनाने, एकाच तिरक्या ओळीत. रोज सकाळी साडेआठ, रोज १२१ अंश. त्यात असेही दोन दिवस होते जेव्हा तालुक्याची वीज सकाळभर गेलेली होती. आमच्यातला एक जण पिठाच्या गिरणीवर काम करतो, त्याला ते दिवस पक्के आठवतात. जनरेटरच्या डिझेलची नोंद आम्ही मागितली नव्हती. टेपचे तुकडे एकाही पानावर नाहीत.

पहिले अपील करायला तीस दिवसांची मुदत असते. अर्ज लिहून झाला आहे, डिझेलच्या नोंदीसाठी वेगळा अर्जही जोडला आहे. सोमवारी आवक-जावकला देणार आहोत.